मॉरिशस बेटातील वनस्पतिउद्यान आणि आपली शेती

महसुली कारकुनाने परदेशगमनाची हकीकत सांगावी, हे वाचकांस कदाचित चमत्कारिक वाटेल. आमची सारी हयात सातबारा, पीकपाहणी व पैसेवारी यांच्या कागदांत गेली. नोकरी नांदेड जिल्ह्यात व वडिलोपार्जित जमीन लातूर जिल्ह्यातील अहमदपूर तालुक्यात, यापलीकडे आमचे जग फारसे विस्तारलेले नव्हते. तथापि आमचा पुतण्या नोकरीनिमित्त मॉरिशस बेटात राहतो. त्याच्या आग्रहावरून सेवानिवृत्तीनंतर एका भाद्रपदात आम्ही उभयता तेथे पंधरा दिवस राहून आलो. परत आल्यावर आपल्या मंडळाच्या सभासद बंधूंनी विचारले की, तेथे कास्तकाराने पाहण्याजोगे काय आहे? समुद्र व डोंगर यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे, ते आम्ही करीत नाही. तेथे एक बाग आहे, तिच्याविषयी व तिच्यामुळे त्या बेटाच्या शेतीचे जे बरेवाईट झाले त्याविषयी दोन शब्द लिहितो.

बेट व त्याची जमीन

मॉरिशस हे हिंदी महासागरात, आफ्रिकेच्या पूर्वेस, मादागास्करच्याही पलीकडे आहे. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या लातूर जिल्ह्याचा जवळजवळ चौथा हिस्सा. मोटारीने निघाले तर एका दिवसात बेटास प्रदक्षिणा घालता येते. आम्ही ती तीन दिवसांत, थांबत थांबत घातली. विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे तेथील ऋतु आपल्या उलट असतात. आपल्याकडे पावसाळा, तर तेथे कोरडी थंडी व ऊसतोडीचा हंगाम.

जमीन पाहून प्रथम आम्हांस घरचीच आठवण झाली. बेट ज्वालामुखीच्या रसापासून झाले असून दगड आपल्यासारखाच काळा आहे. आपल्या पठारावरील दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर तेथील सर्वांत जुना सुमारे ऐंशी लाख वर्षांचा. दगड एकाच जातीचा, परंतु माती निराळी. बेटाच्या मध्यपठारावर वर्षाकाठी ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो. एवढ्या पाण्याने मातीतील चुना व इतर क्षार धुवून जातात व लोखंडाचा गंज मागे राहून माती तांबडी होते. आपल्याकडे पाऊस बेताचा, म्हणून चुना जागच्या जागी राहतो व काळी, चिकट, उन्हाळ्यात भेगाळणारी माती तयार होते. नैर्ऋत्येस शामारेल येथे तर ही धूप इतकी झाली आहे की, तांबड्या, जांभळ्या व पिवळसर मातीचे उघडे उंचवटे दिसतात. त्यांवर काही उगवत नाही. प्रवासी तेथे मौजेने छायाचित्रे काढतात. आम्हांस मात्र ते पाहून आपल्याकडील वाहून गेलेली माळराने आठवली.

उसाच्या शेतांत मधूनमधून काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे ढीग दिसतात. जमीन लागवडीस आणताना मजुरांनी हाताने वेचलेले हे दगड होत. या मजुरांत आपली मराठी माणसेही होती, त्यांच्याविषयी पुढे सांगू.

बागेची उत्पत्ति

बाग बेटाच्या उत्तर भागात, पोर्ट लुई या राजधानीच्या जवळ, पाम्प्लेमूस नावाच्या गावी आहे. गावाचे नाव पडले ते आपल्या पपनसाच्या जातीच्या फळावरून, आणि दोन्ही शब्दांच्या उच्चारांतील साम्य वाचकांच्या ध्यानी येईलच. क्षेत्र सुमारे ३७ हेक्टर, म्हणजे नव्वद एकरांहून थोडे अधिक. १९८८ पासून स्वतंत्र मॉरिशसचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांचे नाव तिला आहे. १९८५ साली त्यांच्यावर अंत्यसंस्कारही याच बागेत झाले.

आरंभी ही शोभेची बाग नव्हती. १७३५ साली फ्रेंच गव्हर्नर महे द ला बूर्दोने बेटावर आला. शहरास व बंदरात येणाऱ्या गलबतांस भाजीपाला मिळावा म्हणून त्याने येथे मळा केला. आपल्या गावच्या वाडीसारखाच तो प्रकार होता. त्यास खरे महत्त्व आले ते प्येर प्वाव्र याच्या काळी. १७६७ ते १७७२ या काळात तो बेटाचा मुलकी कारभारी होता. फ्रेंच भाषेत प्वाव्र म्हणजे मिरे, आणि योगायोग असा की, मसाल्याच्या झाडांपायीच त्याचे नाव राहिले.

त्या काळी लवंग व जायफळ ही झाडे पूर्वेकडील मोलुक्का बेटांखेरीज अन्यत्र जवळजवळ नव्हती व तो सारा व्यापार डच लोकांच्या मुठीत होता. रोप अगर उगवणारे बी बाहेर नेणारास ते कडक शासन करीत. प्वाव्र याने माणसे पाठवून १७७० साली व पुन्हा १७७२ साली ही रोपे गुप्तपणे आणविली व या बागेत लावली. पुढे १७७५ पासून झां निकोला सेरे हा बागेचा प्रमुख झाला. सुमारे पस्तीस वर्षे त्याने रोपे जगविली, वाढविली व इतर बेटांस पाठविली. या भागातूनच पुढे लवंग झांझिबारास गेली. आज आपल्या घरच्या येसरात जी लवंग पडते, तिचा पुष्कळसा भाग मादागास्कर व टांझानिया यांसारख्या मुलखांतून येतो. चोरून आणलेल्या मूठभर रोपांनी महासागराच्या या बाजूचा व्यापारच पालटला, असे म्हणण्यास हरकत नाही.

प्वाव्र याची आणखी एक गोष्ट महसुली माणसास विशेष वाटावी अशी आहे. १७६९ साली असा नियम झाला की, प्रत्येक जमीनधारकाने आपल्या जमिनीचा चौथा हिस्सा, विशेषतः डोंगरउतारावरचा, झाडीखाली ठेवावा. झाडी गेली तर माती जाईल व पाऊसही हटेल, हा त्यामागील विचार. अडीचशे वर्षांपूर्वीचा हा नियम वाचून आम्ही थक्क झालो. परंतु पुढे उसाचा लोभ वाढला व नियम कागदावर राहिला. आज बेटावरील मूळ रान दोन टक्केसुद्धा चांगल्या स्थितीत उरलेले नाही. ज्या जिल्ह्यात आमची जमीन आहे, तो राज्यातील अत्यल्प वनक्षेत्राच्या जिल्ह्यांपैकी एक आहे. तेव्हा दुसऱ्यास हसण्याचे कारण नाही.

बागेत काय पाहिले

बागेच्या लोखंडी दरवाजातून आत गेल्यावर उंच ताडांच्या रांगा लागतात. नारळ, सुपारी, खजूर यांचे भाऊबंद म्हणावेत असे किती प्रकार! त्यांत श्रीताड आहे. याच्या बियांस आपल्याकडे बजरबट्टू म्हणतात. हे झाड कित्येक दशके नुसते वाढते, आयुष्यात एकदाच शेंड्यावर भला मोठा तुरा टाकते, फळते व मरते. पुढे एका लांबट तळ्यात दक्षिण अमेरिकेतील प्रचंड कमळ आहे. त्याची पाने परातीसारखी कडा वळलेली असून चांगली वाढल्यास हात दीड हातापेक्षा बरीच मोठी होतात. फूल पहिल्या रात्री पांढरे व दुसऱ्या रात्री गुलाबी होते. लवंग, दालचिनी, जायफळ, कापूर यांची झाडे एकत्र आहेत. रक्षकाने दालचिनीचे गळालेले पान चुरगाळून आमच्या हाती दिले, तेव्हा मंडळींस स्वयंपाकघराची आठवण झाली.

परंतु आमचे लक्ष झाडांपेक्षा त्यांवरील पाट्यांकडे अधिक गेले. झाडाचे शास्त्रीय नाव काय व त्याचा मूळ मुलूख कोणता, याची नोंद. जुन्या कारकुनास यासारखे समाधान दुसरे नाही. जमिनीचा सातबारा असतो, तसा हा झाडांचा सातबारा. बाग आणि जंगल यांत फरक कोणता, असे कोणी विचारल्यास आम्ही सांगू की, फरक नोंदीचा. नोंद असेल तरच कोणते झाड कोठून आणले, कोणते तगले व कोणते मेले, हे पुढच्या पिढीस कळते. एरवी प्रत्येक पिढीस तीच चूक नव्याने करावी लागते.

साळुंकी आणि हुमणी

बाहेरून आणलेल्या जिवाचे दोन्ही प्रकारचे परिणाम या बेटाने भोगले आहेत. १७६२ साली टोळधाडीचा उपद्रव फार झाल्यामुळे फ्रेंचांनी हिंदुस्थानातून साळुंक्या नेऊन तेथे सोडल्या. किडीवर तिचा शत्रु सोडण्याचे हे जगातील जुन्या दाखल्यांपैकी एक म्हणून पुस्तकांत सांगतात. पाखरांनी टोळ खाल्ले हे खरे. पण आज तीच साळुंकी बेटावर सर्वत्र झाली असून फळांची नासाडी करते व निरुपयोगी झुडपांचे बी पसरविते.

दुसरा दाखला आपल्या उसवाल्या बंधूंनी नीट ध्यानी धरावा. १९११ साली पाम्प्लेमूसच्याच परिसरात उसाच्या मुळ्या खाणारी हुमणी प्रथम आढळली. ही जात तेथील नव्हती. अटलांटिकपलीकडील बार्बाडोस बेटावरून उसाच्या बेण्याबरोबर आलेल्या मातीतून ती आली असावी, असे जाणकारांनी ठरविले. मग त्याच बार्बाडोसहून तिचा शत्रु असलेली गांधीलमाशीची एक जात शोधून आणावी लागली. बागेमुळे नवे वाण मिळतात हे जितके खरे, तितकेच बेफिकिरीने आणलेल्या मुठीभर मातीतून शत्रु घरात येतो, हेही खरे.

हे वाचून आम्हांस आमचीच फजिती आठवली. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मध्यस्थाकडून, कोणत्या मळ्यातील याची चौकशी न करता, स्वस्त मिळाले म्हणून उसाचे बेणे घेतले. निम्म्या बेटांस गवतासारखे बारीक फुटवे आले, कांड्या धरल्याच नाहीत. मजुरी, खत व पाणी सारे व्यर्थ गेले. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या, त्याने आपल्या बेण्याची नोंद मागितली नाही, याची लाज आम्हांस आजही वाटते.

ऊस: एका पिकावरील भिस्त

ऊस बेटावर प्रथम डचांनी १६३९ साली जावाहून आणला. पुढे १७६८ च्या सुमारास ताहिती बेटाकडील जाड उसाचा वाण फ्रेंच प्रवाशांनी आणला. तोच वाण १८२७ साली कॅप्टन स्लीमन याने मॉरिशसहून हिंदुस्थानात आणून जबलपुरास लावला, अशी नोंद आहे. म्हणजे त्या बेटाचा व आपल्या देशाचा उसाचा संबंध दोनशे वर्षांचा होय.

बेटावर वादळे फार होतात. वादळात लवंग, कॉफी यांची झाडे मोडतात, पण ऊस आडवा पडला तरी पुन्हा उठतो. १८१० साली इंग्रजांनी बेट घेतल्यावर साखरेस बाजार मिळाला व ऊस हेच एकमेव पीक झाले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास त्या लहानशा बेटावर अडीचशेहून अधिक साखर कारखाने होते. १९५३ साली ऊससंशोधनासाठी स्वतंत्र संस्था निघाली. १९७३ साली सुमारे ७.१८ लाख टन साखर झाली. १९७५ च्या करारान्वये युरोपातील राष्ट्रे ठरावीक साखर चढ्या भावाने घेत. सर्व कारभार या भावावर बसविलेला होता.

मग २००६ पासून तीन-चार वर्षांत तो भाव छत्तीस टक्क्यांनी उतरविण्यात आला व २००९ साली करारच संपला. कारखाने एकामागून एक बंद झाले व अखेर तीनच उरले. हजारो लहान बागायतदारांनी ऊस सोडला. बागेजवळील बो प्लां येथील कारखाना तर त्यापूर्वीच, १९९९ साली बंद झाला होता. तेथे आता साखरेचे संग्रहालय आहे. थंड चरकांपाशी उभे राहून तिकिटे काढलेले प्रवासी साखरेच्या चवी घेतात, हे पाहून मन उदास झाले. तरीही त्या लोकांनी हातपाय गाळले नाहीत. उसाच्या चिपाडावर वीज करून ती विकणे व खास प्रकारच्या तांबूस साखरा तयार करून त्यांस चांगला भाव मिळविणे, हे मार्ग त्यांनी धरले.

आता आपल्याकडे पाहू. उसास वर्षभरात दीड ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागते. आपल्याकडे पाऊस साधारण सातशे ते नऊशे मिलिमीटर, आणि तोही बेभरवशाचा. बाकीचे पाणी विहिरी व बोअर यांतून उपसावयाचे. मॉरिशसच्या भाव पडला, आपले पाणी पडते, एवढाच भेद. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले, हे कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी आमचीही विहीर आटली व ऊस मोडून जनावरांस घातला. पीकपाहणीच्या रकान्यात वर्षानुवर्षे ‘ऊस’ हा एकच शब्द लिहिताना आम्हांस कधी शंका आली नाही. ती शंका त्या बेटावरील बंद कारखान्यात आली. ऊस करू नये असे आमचे म्हणणे नाही. पाणी मोजून, ठिबकावर, बेतानेच करावा आणि घरची सारी भिस्त त्यावर ठेवू नये, एवढेच म्हणणे.

आपली माणसे

पोर्ट लुई बंदरात आप्रवासी घाट म्हणून जागा आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी हिंदुस्थानातील करारबद्ध मजुरांची एक तुकडी बंदरात उतरली. तेव्हापासून विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत साडेचार लाखांवर माणसे तेथे आली. घाटास २००६ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. कलकत्ता व मद्रास येथून बहुतेक आली, तर मुंबई बंदरातून कोकणातील मराठी माणसे आली. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत. शाळांतून मराठी शिकविली जाते, गणेशचतुर्थीची सरकारी सुटी असते व कोकणातील जाखडी नाच तेथे ‘झाकरी’ या नावाने टिकून आहे.

आम्ही गेलो तेव्हा गणपतीच होते. पश्चिम भागातील एका मराठी घरी आम्हांस जेवावयास बोलाविले होते. घरातील वृद्ध गृहस्थ घरात क्रिओल बोलतात, पण आमच्याशी त्यांनी जपून जपून मराठीत बोलणे केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या मळेवाल्यांनी जमिनीचे तुकडे करून विकले. तेव्हा त्यांच्या पूर्वजाने मजुरीतून साठविलेल्या पैशाने पहिला तुकडा घेतला होता. त्यांनी आम्हांस एका कागदाची नक्कल दाखविली. मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेविल्या आहेत. त्यांतून त्यांनी पणजोबाचा क्रमांक, नाव, बापाचे नाव व गाव शोधून काढले होते. ते म्हणाले, “काका, ही नोंद नसती तर आम्ही कोठून आलो ते आम्हांसही कळले नसते.”

हे शब्द ऐकले आणि दोन दिवसांपूर्वी बागेत पाहिलेल्या पाट्या आमच्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या. मजुराची नोंद मालकाने स्वतःच्या सोयीसाठी ठेविली, पण शेवटी ती त्याच्या पणतवाच्या उपयोगी पडली.

आपण काय करावे

कोणी म्हणेल, नव्वद एकरांची बाग आपण कोठून करावी? तशी जरुरी नाही. आपल्याजवळ संस्था आहेत. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रातून १९८४ च्या सुमारास निघालेल्या एनएचएच ४४ या संकरित वाणाने कोरडवाहू कास्तकारास दीर्घकाळ साथ दिली. लातुरास गळीत धान्यांचे व अंबाजोगाईस सीताफळाचे संशोधन केंद्र आहे. परभणीचे कृषि विद्यापीठ १९७२ पासून चालू आहे. उसाचे म्हणाल, तर कोइमतूरच्या संस्थेत रानटी काशगवताशी उसाचा संकर करून पहिले काटक वाण निघाले. नदीकाठच्या ज्या गवतास आपण उपटून टाकतो, त्यातून हे काम झाले, हे विसरू नये.

परंतु संस्थांनी करावयाचे ते संस्था करतील, गावाने करावयाचे ते गावासच केले पाहिजे. आमच्या वडिलांच्या वेळी घरी दगडी ज्वारीचे बी कणगीत राख घालून ठेवीत. आम्ही नोकरीस लागलो, पिशवीतील बी आणू लागलो, आणि ते बी केव्हा नाहीसे झाले हे आम्हांस सांगता येत नाही. कोणी चोरले नाही, कोणी नेले नाही. नोंद नव्हती, म्हणून गेले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी मात्र शाळेत न जाताही देशी बियाण्यांची बँक उभी केली व त्याबद्दल त्यांस पद्मश्री मिळाली. तेव्हा शिक्षण नाही, ही सबब कोणास सांगता येणार नाही.

आमच्या सूचना पुढीलप्रमाणे आहेत. एक, मंडळाच्या प्रत्येक शाखेने पाच-दहा गुंठ्यांचा वाणमळा राखावा. त्यात गावरान ज्वारी, करडई, तूर, देशी कापूस, वांगी, मिरची यांचे जुने वाण दरवर्षी लावावेत. दोन, एक वही घालावी. वाणाचे नाव, कोणाच्या घरून आले, पेरणीची तारीख, पाऊस, रोग व उत्पन्न हे रकाने तीत असावेत. तीन, बाहेरून येणारे बेणे अगर रोप कोणत्या मळ्यातील आहे हे लिहून घेतल्यावाचून घेऊ नये, व उसाचे बेणे मातीसकट शेतात नेऊ नये. चार, २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याखाली शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी होते व त्याबद्दल शेतकऱ्यास शुल्क पडत नाही. ज्यांच्या घरी असा वाण आहे त्यांनी जवळच्या कृषि विज्ञान केंद्रात जाऊन विचारावे. पाच, बांधावर व उतारावर थोडी का होईना झाडी राखावी. प्वाव्र याने चौथा हिस्सा सांगितला होता, आपण निदान बांध तरी राखू.

आम्ही स्वतः या मृगापासून आमच्या मळ्यात चार गुंठे यासाठी काढले आहेत. शेजारच्या गावी एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी दगडी ज्वारीची चार कणसे मिळाली. वहीच्या पहिल्या पानावर त्यांचे नाव, गाव व तारीख आम्ही लिहिली आहे. ज्या बंधूंच्या घरी असे बी असेल त्यांनी मूठभर आणून द्यावे. आम्ही ते लावू, नोंदवू व मागणारास देऊ.